आफ्रिका शिकवताना : कोल्हापूरच्या वर्गातून एका खंडाकडे

आफ्रिका हा आशियाखालोखालचा जगातील सर्वांत मोठा खंड आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे. त्यात भारत नऊ वेळा आणि महाराष्ट्र जवळजवळ शंभर वेळा मावतो. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले ५४ देश या खंडात आहेत. सुमारे दोन हजार भाषा तेथे बोलल्या जातात. त्यांतल्या पाचशेहून अधिक एकट्या नायजेरियात आहेत. दक्षिण आफ्रिकेत खुणांच्या भाषेसह १२ अधिकृत भाषा आहेत. माणसाच्या जनुकांतील वैविध्यही जगात सर्वाधिक आफ्रिकेतच आढळते. एवढ्या मोठ्या प्रदेशाला शालेय अभ्यासात मात्र बहुधा एखादाच धडा मिळतो, आणि त्या धड्यातून विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतात त्या गोष्टी ठरलेल्या असतात : सिंह, जंगल, वाळवंट आणि उपासमार.

या खंडाचे सांस्कृतिक वैविध्य शिकवायचे तर सुरुवात कोठून करावी, हा शिक्षकांपुढचा खरा प्रश्न असतो. कोल्हापूर परिसरातील शिक्षकांसाठी त्याचे उत्तर फारसे दूर नाही. पन्हाळ्याचा इतिहास, तालमीतली कुस्ती, ताटातली भाकरी आणि शाळेतली बाराखडी या चार ठिकाणांहून आफ्रिकेतील अनेक वेगवेगळ्या प्रदेशांकडे जाता येते. वेगवेगळ्या प्रदेशांकडे, हे महत्त्वाचे. कारण आफ्रिकेविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ती एकच आहे, हा.

नकाशातली आफ्रिका

वर्गाच्या भिंतीवरील जगाचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. १५६९ मध्ये गेरार्डस मर्केटर याने तो समुद्रप्रवासासाठी तयार केला. जहाजाची दिशा त्यावर सरळ रेषेत आखता येते, पण विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश फुगतात. त्यामुळे ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळपास सारख्या आकाराचे दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या सुमारे चौदापट आहे.

हे सांगण्यापेक्षा करून पाहिलेले बरे. पृथ्वीच्या गोलावर पातळ कागद ठेवून आफ्रिका, भारत, चीन आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्या आकृत्या काढाव्यात, कापाव्यात आणि आफ्रिकेच्या आकृतीवर एकेक मांडत जावे. तिन्ही देश बसल्यावरही जागा उरते. उत्तरेकडील ट्युनिसपासून दक्षिणेकडील केप टाउनपर्यंतचे अंतर सुमारे आठ हजार किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात भूमध्य सागराचा हिवाळी पावसाचा किनारा, सहारा वाळवंट, त्याखालचा साहेलचा कोरडा पट्टा, काँगोच्या खोऱ्यातील सदाहरित वने, इथिओपिया व केनियातील थंड पठारे आणि दक्षिणेकडील गवताळ माळ येतात. हवामान बदलते तशी शेती, घरे, कपडे आणि सणही बदलतात, हे या कागदी खेळानंतर वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

गैरसमज कोठून आला

आफ्रिकेविषयीचे रूढ चित्र फार जुने नाही. त्याची जडणघडण मुख्यतः गेल्या तीन-चार शतकांत युरोपात झाली. अटलांटिक महासागरापलीकडे गुलाम म्हणून नेलेल्या माणसांना हीन ठरवल्याशिवाय त्या व्यापाराचे समर्थन करता येत नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकात हेन्री मॉर्टन स्टॅन्ली याने आपल्या १८७८ मधील प्रवासग्रंथाच्या नावातच आफ्रिकेला ‘अंधारा खंड’ म्हटले. १८८४-८५ मध्ये बर्लिन येथे युरोपीय सत्तांची परिषद भरली. खंडाचे वाटप करताना पाळायचे नियम तेथे ठरले. त्या वेळी एकाही आफ्रिकी राज्याचा प्रतिनिधी परिषदेत नव्हता. त्यानंतरच्या काही दशकांत आखल्या गेलेल्या सीमांनी अनेक भाषिक समाज दोन-तीन देशांत तुटले आणि परस्परांशी फारसा संबंध नसलेले समाज एका देशात आले.

मराठी वाचकांपर्यंत हे चित्र टारझनच्या गोष्टींतून आणि इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाच्या चित्रकथांतून पोहोचले. कवटीची गुहा, तालावर नाचणाऱ्या टोळ्या आणि सर्वांचा रक्षणकर्ता असलेला गोरा नायक, असा त्यांचा साचा होता. १९८४-८५ मधील इथिओपियाच्या दुष्काळाची छायाचित्रे जगभर झळकली आणि त्या साच्यात भुकेल्या मुलाची भर पडली. दुष्काळ खरा होता. पण एका देशाच्या काही भागांतील काही वर्षांचे संकट पुढे संपूर्ण खंडाची ओळख बनले.

या अज्ञानाचे परिणाम भारतातही दिसतात. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. शिक्षणासाठी भारतात येणाऱ्या आफ्रिकी तरुणांना भाड्याने घर मिळण्यापासून रस्त्यावरच्या टोमण्यांपर्यंत अनेक ठिकाणी अडचणी येतात. त्यामुळे हा विषय भूगोलाच्या गुणांपुरता राहत नाही.

पन्हाळ्याच्या वेढ्यातील दोन बाजू

कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर पन्हाळा आहे. १६६० मधील पन्हाळ्याचा वेढा महाराष्ट्रातील विद्यार्थी चौथीच्या ‘शिवछत्रपती’ पुस्तकापासून शिकतात. आदिलशाहीच्या वतीने वेढा घालणारा सिद्दी जौहर हा कर्नूलचा सरदार होता. सुमारे चार महिने त्याने वेढा आवळून धरला, ऐन पावसाळ्यातही सैल होऊ दिला नाही. १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज गडावरून निसटले. त्यांच्या पाठलागावर गेलेल्या फौजेचा म्होरक्या सिद्दी मसूद होता, आणि त्याच पाठलागात बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड लढवली.

सिद्दी किंवा हबशी ही नावे आफ्रिकेतून आलेल्या व त्यांच्या वंशजांसाठी दख्खनमध्ये वापरली जात. गोष्ट येथे थांबली, तर विद्यार्थ्यांच्या मनात ‘सिद्दी म्हणजे शत्रू’ एवढेच राहते. म्हणून त्याच वेढ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नेतोजी पालकर यांच्यासोबत बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्न करणारा एक सरदारही सिद्दीच होता. त्याचे नाव सिद्दी हिलाल. त्या झुंजीत त्याचा तरुण मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. एकाच लढाईत आफ्रिकी वंशाचे सरदार दोन्ही बाजूंनी लढत होते. त्यांची निष्ठा धन्याशी आणि राजकारणाशी बांधलेली होती, वंशाशी नव्हे. त्या काळातील मराठा सरदारांबाबतही हेच घडत होते.

यापूर्वीचे मोठे नाव मलिक अंबर याचे. सुमारे १५४८ मध्ये आजच्या इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. पश्चिम आशियातील बाजारांतून हात बदलत तो अहमदनगरला आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीतील चंगीझखान हाही हबशीच होता. पुढे मलिक अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. त्याने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहरासाठी त्याने भूमिगत नळांची नहर-ए-अंबरी बांधली, जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवण्याची पद्धत घातली आणि मुघल फौजांना गनिमी काव्याने हैराण केले. १६२४ मधील भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची कबर खुलताबादला आहे.

येथे एक प्रश्न वर्गासमोर ठेवता येतो : हे सर्व लोक आफ्रिकेतून आले, म्हणजे नेमके कोठून? उत्तर एक नाही. मलिक अंबरसारखे अनेक हबशी इथिओपियाच्या पठाराकडचे होते. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले गुलाम मुख्यतः मोझांबिककडचे होते. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारच गोव्यातून चाले. या दोन प्रदेशांत भाषा, धर्म आणि जीवनपद्धती यांचे मोठे अंतर आहे. बेळगाव, धारवाड आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी समाज हा बऱ्याच अंशी अशा बंदिवासातून सुटून पश्चिम घाटाच्या रानात स्थिरावलेल्या लोकांचा आहे. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. घरात कोकणी-मराठी वळणाची बोली आणि बाहेर कन्नड अशी त्यांची भाषा आहे. उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. विधिमंडळात पोहोचलेले ते या समाजातील पहिले सदस्य. कोल्हापूरहून हा प्रदेश एका दिवसाच्या प्रवासात येतो.

तालमीतून तीन मैदानांकडे

कोल्हापूरच्या मुलांना कुस्ती शिकवावी लागत नाही. लाल मातीत ताक, तेल, हळद घालून केलेला हौदा, लंगोट, हलगीचा कडकडाट आणि पाठ टेकली की चितपट, हे त्यांच्या पाहण्यातले असते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. या ओळखीच्या खेळावरून आफ्रिकेतील निदान तीन समाजांपर्यंत जाता येते.

पहिला सेनेगल. पश्चिम किनाऱ्यावरच्या या देशात ‘लांब’ नावाची कुस्ती लोकप्रियतेत फुटबॉलच्या बरोबरीने चालते. राजधानी डाकारजवळ २०१८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय मैदान उभे राहिले. कुस्ती वाळूत होते, आणि तिच्या एका प्रकारात ठोसेही चालतात. पाठ टेकली की हार, तसेच दोन्ही हात व दोन्ही गुडघे एकदम जमिनीला लागले तरी हार. मल्लाच्या दंडाला, कमरेला चामड्यात शिवलेले ताईत असतात. कुस्तीपूर्वी मंतरलेले पाणी अंगावर ओतले जाते. बहुसंख्य मल्ल मुस्लिम आहेत आणि ताईत बांधून देणारे बहुधा स्थानिक मराबू, म्हणजे धर्मगुरू असतात. जुनी ग्रामीण प्रथा आणि इस्लाम यांची येथे सरमिसळ झाली आहे.

दुसरे मैदान सुदानमधील नुबा डोंगरांत आहे. नुबा हे एकाच नावाने ओळखले जात असले तरी त्यांच्यात अनेक स्वतंत्र भाषा आहेत. एका डोंगरावरची बोली दुसऱ्या डोंगरावर कळेलच असे नाही. तेथे कुस्त्या सुगीनंतर गावागावांत होतात. मल्ल अंगाला राख फासतात. प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाडले की कुस्ती संपते. चितपट करण्याची गरज नसते.

तिसरे मैदान पुस्तकात सापडते. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ मधील ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीचा नायक ओकोंक्वो नायजेरियातील इग्बो समाजातला आहे. सात वर्षे अजिंक्य राहिलेल्या मल्लाला त्याने अठराव्या वर्षी पाडले, येथूनच त्याची कीर्ती सुरू होते. इग्बो गावांना बहुधा राजा नसे. निर्णय गावसभेत, वडीलधाऱ्यांच्या आणि मानाची पदवी मिळवलेल्यांच्या संमतीने होत. कादंबरीतील कुस्ती या गावगाड्याचा भाग आहे.

विद्यार्थ्यांना चार रकान्यांचा तक्ता करायला द्यावा : कोल्हापूर, सेनेगल, नुबा, इग्बो. जमीन कसली, हार कशी ठरते, कुस्त्या केव्हा होतात, मल्लाला मान कोण देतो, हे त्यात भरावे. तक्ता भरताना साम्येही सापडतात आणि ‘आफ्रिकी कुस्ती’ अशी एक गोष्ट नाही, हेही दिसते.

हलगीवरून वाद्यांकडेही वळता येते. नायजेरियातील योरुबा भाषा स्वरांच्या उंचीवर चालते. तोच शब्द वरच्या, मधल्या किंवा खालच्या सुरात उच्चारला की अर्थ बदलतो. योरुबा लोकांचे दुंदुन हे वाद्य मधोमध निमुळते असते आणि त्याच्या दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या चामड्याच्या वाद्या काखेत दाबून सूर चढवता-उतरवता येतो. त्यामुळे वादक त्यावर बोलण्यातला चढउतार हुबेहूब काढतो. हलगीवर ठेका वाजतो, दुंदुनवर वाक्य वाजते. ऐकणारे ते समजून उत्तरही देतात.

भाकरीचा प्रवास

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील धान्यबाजारात ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी आणि कारळे यांची पोती शेजारी शेजारी असतात. या पाचही पिकांचे मूळ आफ्रिकेत आहे, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

ज्वारीच्या लागवडीचा सर्वांत जुना पुरावा पूर्व सुदानमध्ये मिळाला आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तेथील कुंभार मडक्यांच्या मातीत धान्याचा कोंडा मिसळत. भट्टीत कोंडा जळून गेला, पण त्याचे ठसे खापरांत राहिले. ते ठसे तपासून संशोधकांनी रानटी ज्वारी आणि माणसाने पिकवलेली ज्वारी वेगळी ओळखली. बाजरी पश्चिमेकडे, आजच्या मालीच्या परिसरात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी पिकू लागली. नाचणी इथिओपिया ते युगांडा या पट्ट्यातील उंच भागांची. चवळी पश्चिम आफ्रिकेची. कारळे इथिओपियाचे, त्याच्या शास्त्रीय नावातच ॲबिसिनिया हे त्या देशाचे जुने नाव आहे. ज्वारी-बाजरीसारखी पिके इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात समुद्रमार्गे भारतात पोहोचली. दख्खनच्या कोरडवाहू जमिनीत ती अशी रुजली की आज ती परदेशी वाटत नाहीत.

पीक एक असले तरी त्याचे काय करायचे, हे प्रत्येक समाजाने स्वतंत्रपणे ठरवले. कोल्हापुरात ज्वारीची भाकरी थापली जाते. सुदानमध्ये ज्वारीचे पीठ आंबवून तव्यावर कागदासारखे पातळ पसरतात. त्याला किसरा म्हणतात. चंदगड, आजरा, राधानगरीच्या डोंगराळ भागात नाचणीची भाकरी आणि आंबील होते, तर युगांडात नाचणीपासून घट्ट उकड आणि आंबवलेले पेयही करतात. कारळ्याची चटणी कोल्हापूरकरांच्या भाकरीवर असते. इथिओपियात त्याच बियांचे तेल काढतात.

चवळीची गोष्ट आणखी लांब जाते. नायजेरियात भिजवलेली चवळी वाटून, फेटून तिचे गोळे तेलात तळतात; त्यांना आकारा म्हणतात. गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या लोकांनी हा पदार्थ सोबत नेला. तेथे तो आकाराजे नावाने बाहिया प्रांतात रस्त्यावर विकला जातो. महाराष्ट्राच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख आफ्रिकी लोक गुलाम म्हणून उतरवले गेले आणि १८८८ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. सांबा, कापोएरा, कांदोंब्ले धर्म आणि आकाराजे या साऱ्यांची मुळे या इतिहासात आहेत. त्यामुळे दहावीच्या वर्गात आफ्रिकेसाठी वेगळा धडा नसला, तरी ब्राझीलच्या धड्यातून तिथवर जाता येते.

बाराखडी, दगड आणि हस्तलिखिते

आफ्रिकेत लेखन नव्हते, हा आणखी एक पक्का समज. इथिओपियातील गीझ लिपी दीड हजार वर्षांहून जुनी आहे. अम्हारिक आणि तिग्रिन्या या भाषा आजही तिच्यात लिहिल्या जातात. तिची रचना मराठी मुलांना लगेच कळते. प्रत्येक व्यंजनाची स्वरांनुसार सात रूपे होतात आणि मुले ती रकान्यांच्या तक्त्यावरून पाठ करतात. लिहिण्याची दिशाही डावीकडून उजवीकडे. मोरोक्कोमध्ये अमाझिग भाषेसाठी तिफिनाघ लिपी वापरतात. लायबेरियात वाई भाषेची लिपी १८३० च्या दशकात तेथील लोकांनीच घडवली. गिनीचे सोलोमाना कांते यांनी १९४९ मध्ये न्को लिपी तयार केली; ती उजवीकडून डावीकडे लिहितात.

मालीतील टिंबक्टू हे शहर विद्येचे केंद्र होते. कायदा, खगोल, वैद्यक आणि व्याकरण यांवरील हजारो हस्तलिखिते तेथील घराण्यांनी पिढ्यानपिढ्या जपली. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी शहर ताब्यात घेतले तेव्हा ग्रंथपालांनी आणि नागरिकांनी ती पत्र्याच्या ट्रंकांत भरून, गाढवाच्या गाड्यांतून, मोटारींतून आणि नायजर नदीवरच्या होड्यांतून गुपचूप राजधानी बामाकोला हलवली.

वास्तुकलेत इथिओपियातील लालिबेला येथील अकरा चर्च वेरूळशी जोडून शिकवता येतात. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात कळसापासून पायाकडे कोरत आणले गेले. लालिबेलातील चर्चही अखंड खडकात वरून खाली कोरलेली आहेत. त्यांतली बहुतेक बाराव्या-तेराव्या शतकांतली मानली जातात. इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकात राजा इझाना याच्या काळात राजधर्म झाला, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या आधी.

झिम्बाब्वेतील ग्रेट झिम्बाब्वे हे दगडी शहर अकराव्या ते पंधराव्या शतकांत भरभराटीला होते. त्याच्या भिंती चुना वा माती न वापरता नुसते दगड रचून उभारल्या आहेत. उत्खननात तेथे चिनी मातीची भांडी आणि हिंदी महासागरातील व्यापारातून आलेले मणी सापडले. हे काम आफ्रिकी लोकांचे असूच शकत नाही, असे वसाहतवादी लेखक दीर्घकाळ म्हणत राहिले. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खननाच्या पुराव्यावर ते खोडून काढले. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने या शहराचेच नाव घेतले. पुरावा समोर असतानाही पूर्वग्रह कसा टिकतो, हे शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मराठी बोलणारी आफ्रिका

मॉरिशस हा हिंदी महासागरातील बेटदेश आफ्रिकी संघाचा सदस्य आहे. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांवर भारतातून गिरमिटिया मजूर नेले गेले. त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. पोर्ट लुईमध्ये हे मजूर उतरत तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरला. मराठी मजुरांचे वंशज घरीदारी क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच शिकतात आणि अनेक शाळांत मराठी हा विषयही घेतात. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. ‘आफ्रिकी माणूस’ असा ठोकळेबाज चेहरा डोळ्यांपुढे आणणाऱ्या विद्यार्थ्याला, आरती म्हणणारा मराठी माणूसही आफ्रिकी संघातील एका देशाचा नागरिक असू शकतो, हे ऐकून विचार करावा लागतो.

आजचे शहर, आजचे प्रश्न

केवळ इतिहास आणि परंपरा शिकवल्या तर आफ्रिका भूतकाळातच राहते. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली. भारतात यूपीआय त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये आले. रवांडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात महिलांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक आहे. नायजेरियाचा चित्रपटउद्योग इंग्रजीबरोबर योरुबा, हौसा आणि इग्बो भाषांतही चित्रपट काढतो. केनियातील वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये महिलांना संघटित करून झाडे लावण्याची चळवळ उभारली आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचणी लपवण्याचेही कारण नाही. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धाने लाखो लोक बेघर झाले. मात्र ते सुदानचे युद्ध म्हणून, त्याची कारणे आणि त्यातील गट यांच्यासह शिकवले पाहिजे. युरोपातील एका युद्धावरून कोणी संपूर्ण युरोपाविषयी मत बनवत नाही. तोच न्याय येथेही लागू होतो.

वर्गासाठी पद्धत

पहिला नियम सोपा आहे : खंडाचे नाव घेण्याआधी देशाचे नाव घ्यावे. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे आणि देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून मागवले गेले, ही गोष्ट मुलांना आवडते. २०२२ मध्ये कुनो राष्ट्रीय उद्यानात आलेले आठ चित्ते नामिबियातले होते आणि २०२३ मध्ये आलेले बारा दक्षिण आफ्रिकेतले, हेही सांगावे. पुढचा प्रश्न मात्र माणसांविषयी असावा : नामिबियात कोण राहतात, कोणत्या भाषा बोलतात, तो देश १९९० मध्ये कोणाकडून स्वतंत्र झाला?

दुसरे म्हणजे खंडाचे पाच भाग करून वर्गाचे पाच गट करावेत : उत्तर, पश्चिम, मध्य, पूर्व आणि दक्षिण. प्रत्येक गटाने एकच देश वर्षभर अभ्यासावा. मोरोक्को, नायजेरिया, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका हे पाच देश घेतले तर भाषा, धर्म, हवामान आणि इतिहास यांतला फरक आपोआप समोर येतो. वर्षअखेरीस गटांनी एकमेकांना शिकवावे.

तिसरे म्हणजे त्या त्या देशातील लोकांनी लिहिलेले वाचावे. अचेबे, न्गुगी वा थिओंगो आणि चिमामांडा न्गोझी अदिची यांचे लेखन इंग्रजीत सहज मिळते. युनेस्कोने १९६४ मध्ये हाती घेतलेला आफ्रिकेचा आठ खंडांतील इतिहास शिक्षकांना संदर्भासाठी उपयोगी आहे. त्याच्या लेखनात आफ्रिकी अभ्यासकांचा मोठा वाटा होता.

चौथे म्हणजे स्नेहसंमेलनातला ‘आफ्रिकी नाच’ टाळावा. काळा रंग फासून, पानांचे घागरे घालून केलेला नाच कोणत्याही देशाचा नसतो. त्याऐवजी एखाद्या गटाने सेनेगलच्या कुस्तीचे नियम किंवा गीझ लिपीचा तक्ता सादर केला तर पाहणाऱ्यांनाही काही कळते.

शेवटी परीक्षेतला प्रश्न. ‘आफ्रिकेतील लोकजीवनाचे वर्णन करा’ असे विचारले तर उत्तरही साच्यातलेच येते. ‘सुदान आणि कोल्हापूर येथे ज्वारीचा वापर कसा वेगळा आहे?’, ‘इग्बो गावात निर्णय कसे होत?’, ‘ग्रेट झिम्बाब्वे कोणी बांधले हे कशावरून ठरले?’ असे प्रश्न विद्यार्थ्याला एका जागेवर, एका समाजावर थांबवतात. शिक्षकांनी पुढच्या वेळी फळ्यावर ‘आफ्रिका’ लिहिण्याआधी त्यातील एका देशाचे नाव लिहावे आणि तास त्या देशापुरताच घ्यावा. उरलेल्या ५३ देशांसाठी पुढची वर्षे आहेत.